डाव्या अंगठ्यावरचा आळ

चेन्नईत माणसं गाडी ब्रेकने चालवत नाहीत, हॉर्नने चालवतात. लग्न होऊन इथे आले तेव्हाच हे माझ्या लक्षात आलं होतं. पुढे म्हैस असो, बस असो, देवाची पालखी असो, हॉर्न मारायचा. पुढे काहीच नसलं तरी मारायचा, न जाणो कुणी येईल. सिग्नल लाल आहे, समोर दहा गाड्या उभ्या आहेत, तरी मागचा हॉर्न मारतोच. म्हणजे काय, आवाजाने दिवा हिरवा होणार आहे? पण सांगायचं कुणाला? सांगायला जावं तर तेही ऐकू जात नाही, हॉर्नमुळे.

तर अशा गावात आमच्या मोटरसायकलच्या हॉर्नचा घसा बसला. आमची म्हणजे ह्यांची. मुलगा शाळेत होता तेव्हा घेतलेली. तिच्या मागच्या सीटवर बसून मी वेस्ट मांबलमची भाजी आणली, तिरुवल्लिकेणीच्या देवळात गेले, मुलाच्या शाळेत जाऊन त्याच्या मास्तरांची बोलणी खाल्ली. रिक्षावाल्याशी हुज्जत घालायची नाही, बसची वाट बघायची नाही. अहो म्हटलं की हे किल्ली उचलायचे. निवृत्त झाल्यावर तर गाडी पुसणं हीच ह्यांची संध्या. ह्यांची नोकरी संरक्षण खात्याच्या कारखान्यात, तपासनिसाची. दुसऱ्याने केलेल्या मालातल्या चुका काढायच्या, हेच आयुष्यभर केलं. त्यामुळे घरातही आमटीत मीठ कमी आहे हे आमटी पानात पडायच्या आधी कळायचं. असो.

हॉर्न दाबला की पूर्वी खणखणीत वाजायचा, तो आता सर्दी झालेल्या बोक्यासारखा बोलायला लागला. हे म्हणाले, मेकॅनिककडे जाऊन नवा बसवून आणतो. झालं, हे मुलाच्या कानावर गेलं.

मुलगा पेरुंगुडीला असतो. तिथेच ऑफिस, तिथेच चौदाव्या मजल्यावर घर. इंजिनियर आहे. पूर्वी एकदा मी त्याला म्हटलं, अरे, इस्त्री तापत नाही, बघ जरा. तर म्हणाला, "आई, मी सॉफ्टवेअरचा." बरं बाबा, तू मऊ कपड्यांचा, इस्त्री कडक. मीच उघडली. आतली वायर जळून तुटली होती, कापून पुन्हा जोडली. मी सातवीपर्यंत शिकलेली, पण विजेचं शिक्षण मला इस्त्रीने दिलं, मिक्सरने दिलं, आणि इडलीचं पीठ वाटायच्या त्या दगडी ग्राइंडरने तर चांगले झटके देऊन दिलं. बिघडलेल्या वस्तूपुढे बसायचं, काल काय होतं आणि आज काय बदललं एवढंच विचारायचं. यंत्र खोटं बोलत नाही. माणसंच मध्ये बडबड करतात.

तर मुलगा म्हणाला, "मेकॅनिक नको अप्पा, लुटतात. मी फोनवरून मागवतो. व्हिडिओ बघून मीच बसवतो."

आणि एका रविवारी बसवला, खरंच. जिन्याखाली फोन विटेला टेकवून ठेवला, त्यातला कुणी माणूस हिंदीत सांगतोय, आमचा पोरगा एक स्क्रू काढतोय आणि व्हिडिओ मागे नेतोय. सत्यनारायणाची पोथीसुद्धा एवढ्या वेळा कुणी उलटी वाचली नसेल. नवा हॉर्न ताटलीएवढा, लालभडक. जुन्या हॉर्नच्या दोन्ही वायरींच्या टोकांवर रबरी टोप्या होत्या, त्या नव्याच्या पत्र्याच्या जिभांवर बसेनात. पोराने टोप्या काढून टाकल्या. मी म्हटलं, "अरे, उघडं राहिलं ते." तर म्हणाला, "बारा व्होल्ट आहे आई, काही होत नाही. शॉकसुद्धा बसत नाही." मी गप्प बसले. इंजिनियर आहे ना.

हॉर्न झाला, मग लिंबू. चेन्नईत दृष्टीचं लिंबू नाही असं दार नाही. चहाच्या गाडीला लिंबू, लॉरीला लिंबू. कॉम्प्युटरच्या मोठ्या काचेच्या ऑफिसांच्या फाटकालासुद्धा लिंबू आणि मिरच्या टांगलेल्या मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्यात. आमच्या गाडीला लिंबू बांधायला मुलानेच सुरुवात केली. हे हसायचे, पण बांधू द्यायचे. हेडलाइटच्या बोल्टला बांधलेलं ते लिंबू पुढे लोंबत असायचं. एरवी फुलवाली केळीच्या नारेत, म्हणजे सोपटाच्या दोऱ्यात, ओवून द्यायची. त्या रविवारी पोराने नव्या हॉर्नबरोबर नवं लिंबूही स्वतःच ओवून बांधलं, नमस्कार केला, आणि वीरासारखा जेवायला वर आला.

हॉर्न वाजवून बघितला. आमच्या खालच्या मजल्यावर तंजावरकडचे एक मराठी मास्तर राहतात, निवृत्त. त्यांची मराठी ऐकली की वाटतं, आपले खापरपणजोबा तमिळ शिकून परत आले. ते लुंगी सावरत बाहेर आले.

"वहिनी, हें काय? हॉर्न म्हणावें कीं हत्ती?"

"हत्तीच. आता त्याला ऊसही घालायचाय," मी म्हटलं.

चार दिवस बरे गेले. मग एकदा मी आणि हे भाजी घेऊन येत होतो. मोठ्या रस्त्यावरून आमच्या गल्लीत डावीकडे वळलो आणि हॉर्न एकदम बोंबलला. गल्ली रिकामी, फक्त एक मांजर. ते भिंतीवर चढलं.

"अहो, कुणाला मारताय हॉर्न?"

"मी नाही मारला."

"मग काय मांजराने मारला?"

तेव्हा मी हसले. नंतर पुन्हा झालं, पुन्हा झालं. कधी वाजायचा, कधी नाही. मोठ्या रस्त्याला एकदम शहाणा. गल्लीत शिरताना, फाटकातून आत घेताना मात्र सुटायचा. हे बटणावरून अंगठा उचलून बघायचे, आणि तोवर हँडल सरळ झालेलं असायचं, हॉर्न थांबलेला असायचा. म्हणजे बघणाऱ्याला काय दिसणार? अंगठा उचलला आणि हॉर्न थांबला. मी मागे बसलेली, मला ह्यांची पाठ दिसायची, अंगठा नाही. मीसुद्धा काय सांगू?

आणि मग ती प्रेतयात्रा आली. इकडे प्रेतयात्रा म्हणजे ढोल, फुलं, पुढे नाचणारी माणसं. आम्ही तिला जागा द्यावी म्हणून बाजूच्या बोळात वळलो, आणि हॉर्न जो लागला तो लागलाच. लांबलचक. ढोलवाले थांबले. हे घाबरून हँडल तसंच वळलेलं धरून बसले. एक माणूस पुढे आला, तरणा, डोळे रडून लाल झालेले. त्याने वाकून किल्ली बंद केली आणि ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी हात जोडले. डावा हात थरथरत होता. अशा वेळी कुणाचा थरथरणार नाही? पण तो थरथरलेला हात लोकांनी पाहिला. आणि खरं सांगायचं तर तो ह्यांनी स्वतः पाहिला, हे जास्त वाईट झालं.

आमच्या गल्लीत बातमी आमच्याआधी घरी पोचते. मास्तर दारातच उभे. "होतें असें. वयाचें आहे. माझींही बोटें कांपतात हो. मी तर सुईंत दोरा ओवणें सोडलें." चांगल्या मनाने म्हणाले, पण चांगल्या मनाने मारलेला दगडही लागतोच की.

मुलगा दुसऱ्या दिवशी आला. गाडी मेन स्टँडवर उभी केली, हँडल सरळ, किल्ली फिरवली, बटण दाबलं. वाजला. सोडलं. थांबला. दाबलं, वाजला, सोडलं, थांबला. "बघा, हॉर्न परफेक्ट आहे."

"मग आपोआप का वाजतो?" मी.

"आपोआप काहीच वाजत नाही आई. फक्त गल्लीत वाजतो, वळताना वाजतो, म्हणजे काय? वळताना माणूस हँडल घट्ट धरतो. अप्पांचा अंगठा बटणावर दाबला जातो, त्यांना कळत नाही. डेटा तेच सांगतो."

डेटा! बापाच्या अंगठ्याला न विचारता ह्याचा डेटा तयार. आणि वर म्हणाला, "आज हॉर्न आहे, उद्या ब्रेक असेल. मी एक जण बघितलाय, तो गाडी घेतो म्हणतोय. रविवारी येईल. तुम्हाला हवं तेव्हा मी फोनवरून कार बोलावून देईन. एसी असते."

मी ह्यांना एवढं गप्प फक्त दातांच्या डॉक्टरकडे पाहिलंय.

आता तुम्हाला एक सांगते. इथली कॉफी दोन भांड्यांत येते, एक टंबलर आणि एक पसरट वाटी, तिला डबरा म्हणतात. कॉफी ह्यातून त्यात ओतत ओतत निववायची. आमचे हे इथे आले तेव्हा कॉफीला नाक मुरडणारे, पण ओतायला असे शिकले की हॉटेलवाल्याने बघत राहावं. हात वर, भांडं खाली, मध्ये कॉफीची दोरी. थेंब सांडायचा नाही. त्या दिवसापासून ह्यांनी ओतणं बंद केलं. टंबलर टेबलावर ठेवायचा आणि निवायची वाट बघत बसायचं. डावा हात लुंगीच्या घडीत. एकदा मी स्वयंपाकघरातून पाहिलं तर हात पुढे धरून अंगठ्याकडे बघत होते. तपासनिसाची नजर. आयुष्यभर दुसऱ्याचा माल नापास केला, आता स्वतःचा अंगठा हातात घेऊन बसले होते.

मी म्हटलं, "अहो, तुमचा अंगठा नव्हता ना बटणावर?"

हात पुन्हा लुंगीच्या घडीत घालत म्हणाले, "मला वाटतं, नव्हता. पण आता मला खात्री नाही गं."

तिथे माझं डोकं फिरलं. गाडी जाईल तर जाऊ दे, पण हे वाक्य मला घरात नको होतं.

विकायच्या आधी नीट तरी करून घ्या, असं मीच लावून धरलं आणि आम्ही गाडी मेकॅनिककडे नेली. स्टेशनच्या पुलाजवळ त्याचं दुकान. मीही गेले, तिथल्या डगमगत्या स्टुलावर बसले. हा मेकॅनिक भाविक आहे. भाविक असावं, माझं काही म्हणणं नाही. हेडलाइट उघडायच्या आधी त्याने हात पुसले, ते लिंबू बोल्टवरून सोडवलं, डोळ्यांना लावलं आणि भिंतीवरच्या देवाच्या कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवलं. मग गाडीला हात लावला. हँडल डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. हॉर्न गप्प. दाबला की वाजायचा, सोडला की गप्प.

"अम्मा, इथे तर काही नाही," तो म्हणाला. "स्विच बदलतो. नवा टाकतो. संपलं."

"स्विच खराब आहे का पण?"

"जुना आहे अम्मा."

जुनी तर मीही आहे, मग मलाही बदल! पण ऐकतो कोण. स्विच बदलला. काम झालं, लिंबू खिळ्यावरून काढून पुन्हा डोळ्यांना लावलं आणि पुन्हा बोल्टला बांधलं. आम्ही निघालो, पहिल्याच डाव्या वळणाला हॉर्न! फळवाल्याच्या हातून फणस सुटला.

आता बघा ह्या लोकांची अक्कल. स्विच नवा तरी हॉर्न वाजतो, तेव्हा स्विच निर्दोष, एवढं तरी कळायला हवं ना? ह्या लोकांना उलटंच कळलं. मुलगा फोनवर म्हणाला, "बघ, स्विच नवा आहे, म्हणजे आता अंगठाच उरला." मेकॅनिकही, गाडी पुन्हा त्याच्याकडे टाकली तेव्हा, मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला, "अम्मा, माझ्याकडे एकदाही वाजत नाही. सार बसले की वाजतो." सार म्हणजे साहेब, म्हणजे आमचे हे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. आणि आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. रामेश्वर तर ह्याच राज्यात, तरी ह्या लोकांचा बंब सोमेश्वरलाच.

दोन दिवस गाडी ठेवून घेऊन शनिवारी संध्याकाळी तो स्वतः ती चालवत आमच्याकडे घेऊन आला.

मी वरूनच विचारलं, "येताना वाजला का रे?"

"नाही अम्मा! एकदासुद्धा नाही." आणि शर्टाच्या खिशातून लिंबू काढून, डोळ्यांना लावून, आमच्या फाटकात उभं राहून त्याने ते गाडीला बांधलं.

मी बघितलं ते. पण बघणं वेगळं आणि दिसणं वेगळं. लिंबू म्हणजे गाडीचा भाग, असं कुणाच्या मनात येतं का?

रविवारी मुलगा सकाळीच आला, भाड्याच्या कारने, कारण परतताना ह्यांची गाडी चालवत नेऊन त्या गिऱ्हाइकाला द्यायची होती. इडल्या खाल्ल्या. हात धुऊन म्हणाला, "आई, गाडीचे कागद काढ."

मी म्हटलं, "आधी स्क्रू ड्रायव्हर काढ. खाली चल. तुम्हीही चला हो. कॉफी घेऊन चला."

जिन्याखाली ह्यांच्यासाठी खुर्ची टाकली, गाडीपासून चांगली लांब. एका हातात टंबलर, एका हातात डबरा. "दोन्ही हात गुंतलेले राहू द्या," मी म्हटलं. मास्तर काही न विचारता आपली खुर्ची घेऊन आले. फुकटचा तमाशा कोण सोडतो?

मुलगा म्हणाला, "आई, मेकॅनिकने सगळं बघितलंय."

"मेकॅनिकने काय बघितलं ते मी बघितलंय. हेडलाइट उघड."

आता हे सोपं आहे, तुम्हालाही सांगते. हॉर्नला दोन वायरी. किल्ली फिरवली की एका वायरीत वीज येऊन उभी राहते. दुसरी वायर हँडलवरच्या बटणापर्यंत जाते, आणि बटण दाबलं की ती गाडीच्या लोखंडाला टेकते. टेकली की वाट पुरी झाली, हॉर्न वाजला. बटण दुसरं काही करत नाही, फक्त टेकवतं. मग ती बटणाकडे जाणारी वायर मध्येच सोडली तर? अंगठा असो, हातोडा असो, बटण दाबून काही उपयोग नाही.

हेडलाइटच्या आत तिचा जोड होता. मी तो ओढून वेगळा केला. टोकाला चिकटपट्टी गुंडाळली, आतल्या लोखंडाला टेकू नये म्हणून. किल्ली फिरवली.

"दाब बटण," मी मुलाला म्हटलं.

दाबलं. हॉर्न गप्प. पुन्हा दाबलं, जोरात. गप्प.

"आता तुझ्या बापाचा अंगठा ह्या गाडीतून गेला. स्विचही गेला. बरोबर?"

"बरोबर," तो म्हणाला, जरा सावध होऊन.

"सोड बटण. आता हँडल वळव डावीकडे. हळू."

त्याने वळवलं. हत्ती बोंबलला.

मास्तरांनी कानांत बोटं घातली. मुलाने हँडल सोडून दोन्ही हात वर केले, जणू पोलिसाने धरलंय. हँडल थोडं परतलं आणि हॉर्न बंद झाला. मी ह्यांच्याकडे बघितलं. एका हातात टंबलर, एका हातात डबरा, तसेच. कॉफीवरची सायसुद्धा हलली नव्हती.

"अय्यय्यो," मास्तर म्हणाले. "मग वाजवितो कोण?"

ते शोधायचं राहिलं होतं. मेकॅनिक असता तर त्याने पहिल्यांदा लिंबू काढून कॅलेंडरला लावलं असतं. मी काढलं नाही. का, तर सासूबाईंची शिकवण: दृष्टीच्या लिंबाला घरच्या बाईने हात लावायचा नाही, जी पीडा त्यात गेली ती हाताला येते. माझा त्यावर विश्वास आहे असं नाही आणि नाही असंही नाही. हात लावला नाही एवढंच. लिंबू होतं तिथे ठेवून मी गाडीपुढे उकिडवी बसले आणि म्हटलं, "आता पुन्हा वळव, पण केसाएवढं."

हेडलाइट जसजसा वळला तसतसं लिंबू हॉर्नकडे झुकलं. लिंबाच्या खाली, मिरच्यांच्याही खाली, एक शेपूट बाहेर आलेलं होतं. बारीक. ते हॉर्नच्या बटणाकडच्या वायरीच्या उघड्या जिभेला टेकलं, चिट् करून इवलीशी ठिणगी उडाली आणि हॉर्न वाजला.

"बंद कर," मी ओरडले. "किल्ली बंद कर आणि इकडे ये. हे काय आहे?"

तो वाकला. बघितलं. आणि त्याचा चेहरा लिंबासारखा झाला.

तांब्याची तार होती. लिंबाच्या रसाने ठिकठिकाणी हिरवी पडलेली. वरचं टोक हेडलाइटच्या गंजक्या बोल्टला चांगले वेढे देऊन बांधलेलं, म्हणजे थेट गाडीच्या लोखंडाला. खालचं टोक मोकळं. बटण जे काम अंगठ्याने करतं, ते काम लिंबू हँडल वळलं की करत होतं.

"नार कुठे गेली?" मी विचारलं.

"नार कुजते आई. पावसात तुटते. मागच्या वेळी लिंबू रस्त्यात पडलं होतं. म्हणून म्हटलं, पक्कं काहीतरी…" तो थांबला. "घरी इंटरनेटची जुनी केबल होती. त्यातली तार सोलून घेतली."

"सोलून!"

"वरचं प्लास्टिक लिंबातून जात नव्हतं."

हे ऐकून मी खाली फरशीवर बसलेच. वा रे इंजिनियर! दृष्ट लागू नये म्हणून लिंबू, आणि लिंबू पडू नये म्हणून उघडी तार, आणि तार कुठे, तर ज्या वायरींच्या टोप्या स्वतःच काढून फेकल्या त्यांच्यापुढे! आमच्या अडाणी फुलवालीने जन्मभर केळीच्या नारेत लिंबं ओवली, एका गाडीचा हॉर्न बोंबलला नाही. ह्याने पूजेत सुधारणा केली आणि बापाला प्रेतयात्रेपुढे हात जोडायला लावले. आणि तो मेकॅनिक! लिंबू काढायचा, तपासायचा, आजार नाही म्हणायचा, आणि आजार पुन्हा स्वतःच्या हाताने, डोळ्यांना लावून, बांधून द्यायचा. बरं, ह्यातल्या एकाने तरी आधी माणसाच्या हातावर संशय घ्यायच्या ऐवजी लिंबासकट गाडीचं हँडल वळवून बघायचं? पण नाही. म्हातारा माणूस दिसला की दोष सापडला, आता बाकी तपासायला नको.

हे सगळं मी तिथेच बोलले, ह्याहून जरा जास्तच. मास्तर मान डोलवत होते. त्यांनाही मी सुनावलं, "आणि मास्तर, तुमची बोटं कापत असतील तर तुमची कापोत. आमची मोजू नका."

"चुकलों वहिनी," ते म्हणाले आणि खुर्ची थोडी मागे घेतली.

हे उठले. टंबलर आणि डबरा मास्तरांच्या हातात दिले. गाडीपाशी आले, वाकून तार बघितली, बोल्टचे वेढे बघितले, हॉर्नच्या जिभा बघितल्या. मला वाटलं आता पोराला फैलावर घेतील. कारखान्यात ह्यांच्या आवाजाने माणसं कामाच्या जागी थिजायची.

"वेढे चांगले घातलेस," हे म्हणाले. "एकही सैल नाही."

पोराच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला भीती वाटते अप्पा. तुम्ही त्या मोठ्या रस्त्यावर जाता, बसेस कशा चालवतात ते लोक. मी तिकडे ऑफिसात बसलेला असतो. फोन वाजला की मला वाटतं, तुमचंच काही."

"मग मला सांगायचंस ना. लिंबाला काय सांगतोस?"

तेवढ्यात त्याचा फोन वाजलाच. गिऱ्हाईक. पोराने ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी डावा हात पुढे केला, तोच, आठवडाभर लुंगीच्या घडीत दडवलेला, आणि फोन घेतला. तमिळमध्ये म्हणाले, गाडी विकायची नाही, तसदीबद्दल माफी. आणि मग मला ऐकू जाईल अशा बेताने, "हॉर्न हवा असेल तर घेऊन जा, फार छान वाजतो."

तार मुलानेच सोडवली. जोड मी परत लावला. दोन्ही जिभांवर जाड चिकटपट्टी गुंडाळली. रबरी टोप्या उद्या कुठूनतरी आणायच्या, हे मुलाने कबूल केलं. मग हँडल डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं, पार शेवटपर्यंत. हॉर्न गप्प. कोपऱ्यावरच्या फुलवालीकडून मी नवं लिंबू आणवलं, केळीच्या नारेत ओवलेलं. मुलगा बोल्टला बांधायला गेला तर मी म्हटलं, "शेपूट कापून टाक." कापलं. नारेतून वीज जात नाही म्हणून हरकत नव्हती, पण आता माझा त्याच्या कुठल्याच शेपटावर विश्वास राहिलेला नाही.

वर आलो तर ह्यांनी पुन्हा कॉफी मागितली. गरम करून दिली. ह्यांनी टंबलर उजव्या हातात घेतला, डबरा डाव्यात, हात वर नेला आणि ओतली. मध्ये थोडी सांडली, टेबलावर. माझ्याकडे बघितलं.

"सांडू दे," मी म्हटलं. "आमटीही सांडते माझ्याकडून. कुणी माझी पातेली विकायला काढत नाही."

मुलाकडे आता परत जायला ना कार होती, ना ह्यांची गाडी. हे म्हणाले, "चल, तुला स्टेशनवर सोडतो. मागे बस. आणि मागून सूचना नकोत." पोरगा मुकाट्याने बसला. त्याच्या वयाचा माणूस बापाच्या मागे बसलेला बघून गल्लीतली पोरं हसत होती, हसू देत.

मी गॅलरीत उभी राहिले. आमच्या गल्लीच्या टोकाला डावं वळण आहे. गाडी तिथे पोचली, हळू झाली, हँडल पुरतं वळलं. मी श्वास धरून ऐकत होते. काही नाही. फक्त इंजिनाचा आवाज, आणि खाली मास्तरांच्या रेडिओवरच्या बातम्या.

गाडी दिसेनाशी झाली. आणि मग, अगदी वळण संपल्यावर, सरळ रस्त्यावर, जिथे कुणी मध्ये येण्याचं काही कारण नव्हतं तिथे, हॉर्न वाजला. लांब. चांगला मांजर भिंतीवर चढेल एवढा लांब.

खालून मास्तर घाबरून ओरडले, "वहिनी! पुन्हा वाजला कीं हो!"

"वाजला नाही मास्तर," मी वरून म्हटलं. "वाजवला."